बरगे, कुदळ आणि एक रेडकू

ऑगस्ट २०१९. नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते. पंचमीला म्हणून माहेरी आलेली मी अडकूनच पडले होते, कारण बेळगावकडं जाणाऱ्या रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. रात्री दीडच्या सुमाराला माझ्या हातात बॅटरी होती आणि माझे चुलत काका पावसात वाकून बांधावर कुदळ घालत होते. "बॅटरी नीट धर गं, पायावर बसंल," एवढंच ते बोलले. पाच-सहा घावांत माती सुटली, पुढचं काम पाण्यानंच केलं. हातभर खाच बघता बघता बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली. त्या आवाजात कुठंतरी एकदा, एकदाच, रेडकू हंबरलं.

त्या रात्रीचं आणि नंतर गावानं केलेल्या निवाड्याचं हे प्रकरण आहे. मी मानसशास्त्र शिकवते, आणि बरं-वाईट आपण ठरवतो ते नेमकं कसं, हा माझ्या शिकवण्यातलाच विषय. तरी हे प्रकरण लिहायला मला बरीच वर्षं लागली, कारण निवाडा करणाऱ्यांत मीही होते. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. नात्यानंच बोलते.

आधी जागा समजून घ्यावी लागेल. बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर, धामणे, वडगाव, शहापूर या शिवारांतून बळ्ळारी नाला वाहतो. हा सगळा बासमतीचा पट्टा. मे-जूनमध्ये धूळवाफ पेरणी, म्हणजे कोरड्या मातीतच पेरणी, होते, ऑगस्टपर्यंत भात गुडघ्याला लागतं, आणि बहुतेक वर्षी त्याच सुमाराला नाला पात्र सोडून शिवारात शिरतो. आमचं गाव त्याच अंगाचं आणि आमचा ओढाही त्याच गुणाचा. गावाच्या खालच्या बाजूला ओढ्यावर एक जुना बंधारा आहे. त्याच्याही अलीकडं, खालची गल्ली आणि शेतं यांच्यामध्ये, शेतवडीचा रस्ता आहे. दरवर्षी माती टाकून टाकून तो बांधासारखा उंच झालेला. पाणी चढलं की हा रस्ता ते गल्लीच्या बाजूला अडवून धरतो. खालच्या गल्लीत चौदा घरं, त्यांतल्या निम्म्यांच्या भिंती मातीच्या. मातीची भिंत किती वेळ भिजली की बसते ते आमच्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

त्या दिवशी दोन माणसांनी दोन गोष्टी केल्या.

संध्याकाळी सहा वाजता निवृत्त गुरुजी दोन पोरांना घेऊन बंधाऱ्यावर गेले. बरगे म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्यात बसवलेल्या फळ्या. पावसाळ्याआधी काढायचे ते बरगे त्या वर्षी तसेच राहिले होते आणि त्यामुळं पाण्याचा फुगवटा गावाकडं येत होता. आकडा लावून त्यांनी चार बरगे ओढून काढले. गल्लीतलं पाणी तासाभरात वीतभर उतरलं. पण मोकळं झालेलं पाणी खालच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्याच्या शेतात घुसलं. तीन एकर भात गाळाखाली गेलं आणि झोपडीत बांधलेल्या दोन शेळ्या बुडून मेल्या. असं काहीतरी होणार हे गुरुजींना माहीत होतं. बरगे काढताना ते तसं म्हणालेही होते.

मध्यरात्रीनंतर पाणी पुन्हा चढलं, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त. एका घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती, शेजारच्या घरात वीस दिवसांची बाळंतीण. आता उपाय एकच उरला होता, शेतवडीचा रस्ता फोडून पाणी पलीकडं सोडायचं. पलीकडं आप्पांचं शेत आणि त्यांचा गोठा. आप्पा हे काकांचे भाऊबंद आणि दोघांत बांधावरून दहा-बारा वर्षांची तेढ. आप्पा त्या वेळी खालच्याच गल्लीत बहिणीच्या घरातली पोती माळ्यावर चढवत होते. काकांनी एका पोराला त्यांच्याकडं पिटाळलं. पोरगं निरोप घेऊन आलं, "काय करायचं ते करा म्हणालेत." काका गोठ्यात गेले आणि म्हैस सोडून हाकलली. त्या उजेडात मीच होते बॅटरी घेऊन. मग रस्ता फोडला. दीड एकर भात गेलं. आणि गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात, वैरणीच्या आडोशाला, दूध पिऊ नये म्हणून वेगळं बांधलेलं रेडकू गेलं. ते तिथं आहे हे ज्यांना माहीत होतं त्या काकी, आप्पांच्या बायको, पंचमीला त्यांच्या माहेरी होत्या.

चौदा घरांपैकी एकाचीही भिंत बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गावात दोन निकाल फिरत होते आणि दोन्ही पक्के होते. गुरुजींमुळं गाव वाचलं. काकांनी वाईट केलं.

नुकसानीची बेरीज केली तर गुरुजींच्या हातून दुप्पट नुकसान झालं. दोघांचा हेतू एक होता आणि वाचवलेली घरंही तीच. तरी गुरुजींना गणपतीत आरतीचा मान मिळाला, आणि काकांच्या सुगीला त्या वर्षी कुणी पैऱ्यानं, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाला, आलं नाही. पंच कमिटीच्या बैठकीत "पुढं बसा की" म्हणणारं कुणी राहिलं नाही. भांडण झालं नाही, कुणी तोंडावर शिव्या दिल्या नाहीत. माणसं फक्त त्यांच्याकडं बघायची थांबली. गावात वाढलेल्या माणसाला हे किती लागतं ते सांगायला नको.

मी गणपतीपर्यंत दर आठवड्याला गावी जात होते. काकांचं नेमकं काय चुकलं, असं लोकांना विचारायचे आणि घरी येऊन वहीत उतरवून ठेवायचे. या प्रकरणाचा मला सगळ्यात जास्त शिकवणारा भाग ती वही आहे.

पहिलं उत्तर बहुतेकांचं एकच होतं, "विचारलं न्हाई." मी म्हणायचे, पोरगं पाठवलं होतं, आप्पांनी करा म्हणून सांगितलं. मग थोडं थांबून, "ते काय परवानगी व्हय? रागानं बोललं ते." बरं, मग दुसरं कारण. "जनावर तरी सोडायचं." म्हैस सोडली होती, मी तिथं उभी होते. "आणि रेडकू?" ते दिसलंच नाही. ते मागं बांधलंय हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मग तिसरं, "मोरीपाशी फोडायचा हुता, तिकडं पडीक हाय." रस्त्याखालून पाणी जायच्या त्या मोरीला दोन्ही बाजूंनी दगडी पिचिंग आहे, तिथं कुदळ चालत नाही, हे सांगणाऱ्यालाही माहीत होतं. एका आजीनं मला जवळ बसवून सांगितलं की पंचमीच्या दिवसांत भुईला लोखंड लावू नये, नागाचा दिवस असतो, त्याचंच हे फळ. तिच्या परड्यात पंचमीच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या मुलानं पाणी काढायला चर खणला होता. मी तो दाखवला. आजी हसली नाही की चिडलीही नाही. "ते वेगळं," म्हणाली.

किराणा दुकानदार हा गावातला शहाणा माणूस. त्यानं माझी सगळी उत्तरं शांतपणे ऐकून घेतली. शेवटी म्हणाला, "तू म्हणतीस ते सगळं खरं. खरं चुकलंच ते."

आमच्या बेळगावकडच्या बोलीत 'खरं' हा शब्द 'पण'च्या जागीही येतो. बाहेरच्या माणसाला त्यानं गोंधळायला होतं. त्या दिवशी मात्र मला ते वाक्य फार नेमकं वाटलं. पहिल्या 'खरं'नं त्यानं माझे सगळे पुरावे मान्य केले होते, आणि दुसऱ्यानं सांगितलं होतं की त्याचा निकाल त्या पुराव्यांवर उभाच नव्हता.

जोनाथन हाइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं २००१ मध्ये एका गाजलेल्या लेखात नेमकं हेच मांडलं. बरं-वाईट ठरवताना बहुतेक वेळा निकाल आधी येतो, झटकन, एखाद्या चवीसारखा. कारणं नंतर शोधली जातात. बुद्धी तेव्हा न्यायाधीशाचं काम करत नसते, वकिलाचं करत असते. अशील आधीच ठरलेलं असतं आणि ती त्याच्यासाठी मुद्दे जमवत असते. एकेक मुद्दा पाडत गेलं की माणूस निकाल सोडत नाही, नवा मुद्दा आणतो, आणि सगळे संपले की "कसं सांगू, पण चूक ते चूकच" इथं येऊन थांबतो. हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत अशी निरुत्तर झालेली आणि तरीही ठाम राहिलेली माणसं पाहिली. मी ती दुकानाच्या कट्ट्यावर पाहिली.

निकाल किती लवकर येतो याचंही मोजमाप झालेलं आहे. नेदरलँड्समध्ये २००९ च्या एका अभ्यासात माणसांना विधानं एकेक शब्द करून वाचायला दिली आणि त्या वेळच्या मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवल्या. आपल्या मूल्यांना न पटणारा शब्द आला की साधारण पाव सेकंदात लहर बदलायची. वाक्य तोवर पूर्णही झालेलं नसायचं.

पण गावाचा निकाल गुरुजींच्या बाबतीत एक आणि काकांच्या बाबतीत दुसरा का आला, हा प्रश्न राहतोच. त्यासाठी एका जुन्या कोड्याकडं जावं लागतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं. ब्रेक गेलेली ट्रॉली (आपली उसाची ट्रॉली नव्हे, रुळावरून धावणारी ट्राम) पाच माणसांच्या अंगावर चालली आहे. रूळ बदलला तर पाच वाचतील, दुसऱ्या रुळावरचा एक मरेल. बदलावा का? बहुतेक लोक हो म्हणतात. जुडिथ जार्विस थॉमसन यांनी पुढं त्यात फरक केला. रुळावरच्या पुलावर तुम्ही उभे आहात, शेजारी एक धिप्पाड माणूस आहे, त्याला खाली ढकललं तर ट्रॉली अडेल आणि पाच वाचतील. आता तेच लोक नाही म्हणतात. हिशेब तोच, पाचाला एक. पोटात मात्र काहीतरी वेगळं होतं.

जोशुआ ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये माणसांना मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपवून असे पेच सोडवायला दिले. स्वतःच्या हातानं थेट इजा करायच्या पेचांत मेंदूतले भावनेशी निगडित भाग जास्त सक्रिय झाले. त्यांत कपाळामागच्या भागाचा मधला प्रदेशही होता. रूळ बदलण्यासारख्या दुरून करायच्या पेचांत त्यापेक्षा वेगळे भाग, आकडेमोड करताना आणि एखादी गोष्ट डोक्यात धरून ठेवताना लागणारे, जास्त कामाला लागले. म्हणजे आपल्याकडं निवाड्याच्या निदान दोन वाटा आहेत. एक घाईची, पोटातून येणारी. दुसरी सावकाश, हिशेबाची. मेंदूत 'नीतीचं केंद्र' म्हणून एक खोली असते असं मात्र कुणी समजू नये. हेच भाग इतर कितीतरी कामं करत असतात.

ग्रीन यांनी २००९ मध्ये आणखी बारीक प्रश्न विचारला. ढकलण्यात नेमकं काय खुपतं? हाताचा स्पर्श, जवळ असणं की लावलेलं बळ? त्यांनी पुलाच्या गोष्टीचे वेगवेगळे प्रकार केले. हातानं ढकलणं ३१ टक्के लोकांना चाललं. लांब काठीनं ढकलणं ३३ टक्क्यांना, म्हणजे जवळपास तेवढंच, स्पर्श नसूनही. पण लांब उभं राहून कळ दाबायची आणि पुलावरची झडप उघडून तोच माणूस खाली पाडायचा म्हटल्यावर ६३ टक्के लोक हो म्हणाले. खुपणारी गोष्ट होती ती आपल्या स्नायूंचं बळ समोरच्यावर जाणं.

हे आकडे मी वर्गात फळ्यावर कितीतरी वेळा लिहिले आहेत. कुदळ म्हणजे ती काठी, हे माझ्या डोक्यात यायला मात्र महिना गेला. बरगा काढला की माणूस बाजूला होतो, पुढं जे करायचं ते पाणी करतं. कुदळ प्रत्येक घावाला खांद्यापासून खाली येते. दहा माणसांनी बॅटऱ्यांच्या उजेडात ती येताना पाहिली, आणि शेवटच्या घावानंतर रेडकाचा आवाज ऐकला. खालच्या वस्तीवरच्या शेळ्या मरताना कुणी पाहिल्या नाहीत. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी 'गेल्या' असं कळलं. डोळ्यांपुढं झालेलं आणि कानावर आलेलं नुकसान हिशेबाच्या वहीत एकाच रकान्यात बसतं. पोटात त्यांचे रकाने निराळे असतात.

आता भाऊबंदकीकडं येते, कारण गावात शेवटपर्यंत टिकलेलं कारण तेच होतं. "जुना डाव साधला." हा हेतूवरचा आरोप आहे. हेतू ओळखायला मेंदूला दुसऱ्याच्या मनात डोकवावं लागतं आणि त्या कामात उजव्या कानाच्या वर, थोडा मागं असलेला एक भाग महत्त्वाचा असतो. लियान यंग आणि रिबेका सॅक्स यांनी त्यावर पुष्कळ काम केलं. त्यांच्या गोष्टींत कुणी मैत्रिणीच्या कॉफीत साखर समजून विष घालतं, तर कुणी विष समजून साखर घालतं. पहिल्याचा दोष कमी आणि दुसऱ्याचा जास्त, असं आपण सहज ठरवतो, कारण आपण परिणामाबरोबर मनही वाचतो. २०१० मध्ये त्यांच्या गटानं त्या भागावर बाहेरून चुंबकीय झटके देऊन त्याचं काम थोडा वेळ विस्कळीत केलं. तेव्हा माणसांचं मनाकडचं लक्ष घटलं आणि परिणामाकडचं वाढलं. वाईट करायचा प्रयत्न फसला आणि कुणाला इजा झाली नाही, तर 'चालेल' म्हणण्याकडं त्यांचा कल वाढला.

मन वाचण्याची ही ताकद मोठी आहे. पण ती कोरी पाटी घेऊन बसत नाही. काका आणि आप्पा यांच्यातला बांधाचा वाद सगळ्या गावाला तोंडपाठ होता. रेडकू मेल्यावर प्रत्येकानं तो वाद आठवला आणि त्या रात्रीच्या कुदळीला जोडला. जोशुआ नोब यांनी २००३ मध्ये एक साधा प्रश्न लोकांना विचारला होता. कंपनीचा अध्यक्ष म्हणतो, मला फक्त नफा हवा, पर्यावरणाचं काय होतं त्याची मला पर्वा नाही. पर्यावरणाची हानी झाली, तर ती त्यानं मुद्दाम केली का? ८२ टक्के हो म्हणाले. त्याच अध्यक्षाच्या त्याच निर्णयानं पर्यावरणाचं भलं झालं, तर ते मुद्दाम केलं का? फक्त २३ टक्के हो म्हणाले. म्हणजे आपण हेतूवरून वाईट ठरवतो असं आपल्याला वाटतं, आणि कितीतरी वेळा उलटं घडतं. वाईट झालेलं दिसतं आणि त्यावरून आपण हेतू वाचतो. ते रेडकू पोहत बाहेर आलं असतं तर त्या रात्री बांधाच्या वादाची आठवण किती जणांना झाली असती?

आता माझं सांगते. माझ्याकडं गावापेक्षा जास्त माहिती होती. म्हैस सोडताना मी होते, पोरगं निरोप घेऊन आलं तेव्हाही मी होते, कुदळ घालायच्या आधी काका रस्त्याला हात लावून पाया पडले तेही मी पाहिलं. तरी पुढं कितीतरी दिवस मला त्यांच्या घरी चहा घेववला नाही. काकूनं कप पुढं केला की घशाशी काहीतरी यायचं. काकांच्या बाजूनं गावभर मुद्दे मांडत फिरणारी मी, आणि त्यांच्या ओसरीवर बसले की मला ते हात दिसायचे. माहिती कमी म्हणून लोक चुकीचा निकाल देतात, ही माझी समजूत तिथं मोडली.

म्हणून पोटातून येणारा निवाडा हा अडाणीपणा आहे आणि शिक्षणानं तो जाईल, असं मी म्हणत नाही. तो गेला तर काय होतं तेही पाहिलं गेलेलं आहे. कपाळामागच्या भागाच्या खालच्या मधल्या प्रदेशाला दोन्ही बाजूंनी इजा झालेल्या सहा रुग्णांवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची बुद्धी शाबूत होती, नियम त्यांना पाठ होते. पण माणूस ढकलण्यासारख्या पेचांत ते इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा हिशेबाचंच उत्तर देत होते. अडवणारं आतलं काहीतरी लुळं पडलं होतं. आमच्या गावातल्या कुणालाही रेडकाच्या आवाजानं काहीच झालं नसतं, तर त्या गावात मला राहायला आवडलं नसतं. कासावीस होणं बरोबरच होतं. फक्त त्या कासाविशीचं खापर फोडायला आम्हाला माणूस हवा होता, आणि तो कुदळ हातात घेऊन समोर उभा होता.

हे सगळं एकट्या कुदळीवर लादणंही बरोबर होणार नाही. गुरुजींनी गावातल्या तीन पिढ्यांना बाराखडी शिकवली आहे, त्यांच्याबद्दल वाईट मनात यायलाच वेळ लागतो. खालच्या वस्तीवरचा शेतकरी गावाचा नव्हे, त्याचं दुःख कट्ट्यावर येऊन बसत नव्हतं. आप्पा रोज समोर दिसत होते. एक संध्याकाळची वेळ, एक मध्यरात्रीची. या गोष्टी एकमेकींपासून सोडवून कुणाचा वाटा किती हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच प्रयोगशाळेतले लोक गोष्ट एकाच ठिकाणी बदलून पुन्हा विचारतात. गावाला तशी सोय नाही.

पंचनाम्याच्या दिवशी मात्र अचानक एक गोष्ट बदलली. कन्नड बोलणारे अधिकारी आले आणि देवळात बसले. त्यांचे प्रश्न सरळ होते, "एष्ट मनी? एष्ट एकर?" म्हणजे किती घरं, किती एकर. आमच्या गावात सगळ्यांना कामापुरतं कन्नड येतं, बाजाराचं, बसचं, कचेरीचं. घरात आणि रडताना मराठी. आदल्या दिवशी मराठीत "असं करायला नको हुतं गं" म्हणून डोळे पुसणारी शेजारची काकी कन्नडमध्ये बोटांवर मोजत सांगत होती. चौदा घरं, एक बाळंतीण, दीड एकर, एक रेडकू. "एन माडोदु (काय करणार), फोडला नसता तर घरं गेली असती," असं तिनं अर्धं कन्नड, अर्धं मराठीत सांगितलं. काकांच्या बाजूचं ते गावातलं पहिलं वाक्य, आणि ते मी तिच्या तोंडून ऐकलं.

आल्बर्ट कोस्ता आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हा परिणाम मोजला होता. पुलावरून माणूस ढकलण्याचा पेच मातृभाषेत दिला तेव्हा साधारण २० टक्के लोक ढकलू म्हणाले, शिकलेल्या परक्या भाषेत दिला तेव्हा ३३ टक्के. रूळ बदलण्याच्या पेचात भाषेनं फारसा फरक पडला नाही. नंतर शिकलेल्या भाषेतले शब्द आईच्या रागावण्यात आणि आजीच्या गोष्टींत भिजलेले नसतात, त्यामुळं पोटाची वाट थोडी मंदावते, असा एक अर्थ लावला जातो. आमच्याकडं हे जसंच्या तसं लागू करताना मी जपून आहे. सीमाभागात कन्नड कुणाला परकी, तर कुणाला लहानपणापासून दुसरी घरचीच. शिवाय अधिकाऱ्यापुढं बसलं की माणूस आकड्यांतच बोलतो, भाषा कुठलीही असो. तरी दोन भाषांत जगणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे स्वतःवर एकदा ताडून बघावं असं मला मनापासून वाटतं. ज्या गोष्टीवरून डोकं तापलं आहे ती एकदा दुसऱ्या भाषेत सांगून बघावी. मी तेव्हापासून बघते.

गावाचा निकाल पंचनाम्यानं बदलला नाही, माझ्या मुद्द्यांनी तर नाहीच. तो बदलायला लागला म्हशीच्या एका दाव्यामुळं. चारेक महिन्यांनी, मळणी संपल्यावर, पाण्याच्या टाकीपाशी बायका बसलेल्या असताना आप्पांची बायको, म्हणजे माझी काकी, आपणहून बोलली. माहेरून आल्यावर ती पहिल्यांदा गोठ्यात गेली होती. म्हशीचं दावं कापलेलं नव्हतं, सोडलेलं होतं. आणि सोडून टाकून दिलेलं नव्हतं, नीट वेटोळं करून खुंट्याला अडकवलेलं होतं, पाण्यात वाहून जाऊ नये म्हणून. "ज्याला नासवायचं हाय," ती म्हणाली, "तो दावं गुंडाळून ठेवत न्हाई."

म्हैस सोडली होती हे मी चार महिने सांगत होते. तेव्हा ते वकिलाचं म्हणणं होतं, तेही पुतणीचं. काकीनं सांगितलं तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकीला ते ओलं दावं आणि ते गुंडाळणारे हात दिसले. जिचं रेडकू गेलं तिच्या तोंडून ते आलं होतं. त्या बायकांनी एकही मुद्दा खोडला नाही. पण त्या आठवड्यात दोन घरांनी काकांना हुरड्याला बोलावलं. काकूनं ते मला फोन करून सांगितलं, आणि तिचा आवाज कापत होता. हाइट यांच्या मांडणीतही हे आहे. माणूस एकट्यानं विचार करून आपला पहिला निकाल क्वचित बदलतो, दुसऱ्याच्या मनाला काय लागलं ते दिसलं तर बदलतो. माझाही त्याच दिवशी बदलला. पुढच्या खेपेला मी काकांकडं चहा घेतला, आणि घशाशी काही आलं नाही.

मे २०२२ मध्ये पंच कमिटीनं बैठक बोलावली. पावसाळा तोंडावर आला होता, आणि पुन्हा तशी रात्र आली तर काय करायचं हे उजेडी ठरवून ठेवायचं होतं. रस्ता कुठं फोडायचा यावर पंधरा मिनिटांत एकमत झालं. आप्पांच्याच शेताकडं, कारण उतार तिकडंच आहे. नुकसान गावानं वाटून घ्यायचं, गोठा वर हलवायला वर्गणी काढायची, जागेवर पांढरा दगड रोवायचा. आप्पा सगळ्याला हो म्हणाले.

मग कुणीतरी विचारलं, कुदळ कुणी घालायची?

चहा आला, गार झाला. नावं निघाली आणि ज्याचं निघालं तो खाली बघायला लागला. आपण ठरवलंय तेच करायचंय, नुकसानही वाटून घेतलंय, असं अध्यक्षांनी दोनदा सांगून पाहिलं. शेवटी एका पोरानं सुचवलं की त्या जागी सिमेंटचा नळा घालू आणि तोंडाला लोखंडी झडप बसवू, वर फिरवायला चाक. पाणी चढलं की चाक फिरवायचं, बस्स. खर्च किती येईल ते न विचारताच सगळ्यांनी ते मान्य केलं.

चाक फिरवायला लगेच तिघांनी हात वर केले. काका भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी हात वर केला नाही.